लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि कारखान्याचे संचित ज्ञान

खानदेशच्या औद्योगिक मागासलेपणाविषयी चर्चा निघाली की ती बहुधा भांडवल, वीज, पाणी आणि सरकारी सवलती या चार गोष्टींभोवतीच फिरत राहते. या चारही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, यात शंका नाही. परंतु नवे यंत्र कारखान्याच्या दारात येऊन पडण्यापूर्वी त्या कारखान्यातील माणसांना काय येत होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल या एके काळच्या भरभराटलेल्या गिरण्यांनी हजारो कुटुंबे पोसली. बाहेरून आलेली तयार यंत्रे चालविण्याचे कसब येथील कामगारांनी उत्तम प्रकारे आत्मसात केले. तथापि यंत्र चालविणे निराळे आणि ते उलगडून पाहणे, त्यात बदल करणे, त्यावरून दुसरे घडविणे निराळे. गिरण्या बंद पडण्याची कारणे अनेक होती. पण त्या बंद पडल्यावर त्यांच्या छायेत यंत्रे घडविणारी कारखानदारी फारशी वाढलेली नाही असे दिसून आले. या गोष्टीचा उलगडा करावयाचा तर ज्या माणसाच्या हाताखाली एका सायकलच्या दुकानातून यंत्रोद्योगांचे मोठे कुटुंब उभे राहिले, त्याचे चरित्र या दृष्टीने पुन्हा एकदा तपासून पाहणे उपयुक्त ठरेल. तो माणूस म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शालेय अभ्यासात त्यांचे मन रमले नाही. चित्रे काढणे आणि यंत्रांशी खटपट करणे या दोन गोष्टींची मात्र त्यांना उपजत ओढ होती. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी असे आढळून आले की, त्यांची दृष्टी काही रंगांतील भेद ओळखू शकत नाही. रंगांचा मार्ग बंद झाला, पण रेषेवरची हुकमत कायम होती. म्हणून त्यांनी यंत्रांच्या आरेखनाकडे मोर्चा वळविला आणि नव्याने निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते त्याच विषयाचे शिक्षक झाले. त्यांच्या पुढील आयुष्याचा क्रम या पहिल्याच वळणावर दिसतो. हाती असलेली विद्या टाकून न देता तिच्याच आधाराने त्यांनी शेजारच्या विद्येत पाऊल टाकले.

मुंबईतील त्या वर्षांत त्यांनी संस्थेच्या कार्यशाळेत हात काळे करून घेतले, फावल्या वेळी यंत्रे दुरुस्त केली आणि परदेशातून येणारी यंत्रविषयक नियतकालिके बारकाईने वाचली. त्या काळी सायकल ही नवलाची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि वडीलबंधू रामुअण्णा बेळगावात त्या विकत, लोकांना चालवायला शिकवीत. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली या धंद्यापासून धरला जातो. पुढे १८९७ च्या सुमारास संस्थेत त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. सुरक्षित पगार सोडून त्यांनी दुकान पत्करले, याचे त्यांच्या वर्गातील लोकांना त्या वेळी नवल वाटले असल्यास ते स्वाभाविकच होते.

हे दुकान दिसायला विक्रीचे असले तरी प्रत्यक्षात ती एक शाळा होती. सायकल विकणाऱ्याला ती दुरुस्तही करावी लागते. दुरुस्त करणाऱ्याला प्रत्येक सुटा भाग हातात घ्यावा लागतो, झीज कोठे होते, आटे कोठे बुजतात, धुरा कशाने अडखळतो हे पाहावे लागते. एखादा भाग मुंबईहून यायला उशीर झाला की तो घडविण्याची खटपट करावी लागते. अशा रीतीने छोटा लेथ आणि दोन-चार किरकोळ यंत्रे दुकानाच्या मागच्या बाजूला आली. पवनचक्क्यांची एजन्सीही त्यांनी घेऊन पाहिली. तो धंदा फारसा वाढला नाही, पण उभारणीचा आणि जोडणीचा अनुभव पदरी पडला. हिशेबाच्या वहीत असा अनुभव कोठेच जमेस धरला जात नाही. पुढच्या उडीचे बळ मात्र त्यातूनच येते.

त्यांची स्वतःची पहिली महत्त्वाची निर्मिती म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र. एक चाक, त्यावर पाती, एक दांडा आणि एक चौकट असा त्याचा साधा व्यवहार. फिरणारे चाक सायकलच्या दुकानाला अपरिचित नव्हते. नवीन होते ते गिऱ्हाईक. शहरातील हौशी माणसाकडून लक्ष्मणराव आता शेतकऱ्याकडे वळले. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत, परदेशी नांगराचा नमुना समोर ठेवून त्यांनी लोखंडी नांगर घडविला, तोही याच वाटेवरचा पुढचा टप्पा होता.

नांगराची हकीकत महाराष्ट्रात पुष्कळांना ठाऊक आहे. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. ही कथा सामान्यतः चिकाटीचा धडा म्हणून सांगितली जाते. परंतु तिचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. लाकडी नांगराचे ज्ञान शेतकऱ्यापाशी पिढ्यान्‌पिढ्या साठलेले होते आणि नव्या औताची पारख तो त्याच ज्ञानाने करीत होता. गावचा सुतार ज्याला हात लावू शकत नाही आणि ज्याचा मोडलेला भाग गावात मिळत नाही, असे औत घेण्यास तो कचरत असेल, तर त्यात अडाणीपणा होता असे म्हणता येणार नाही. दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोलवर जातात. ती उपटून काढण्याचे काम लोखंडी नांगर चांगले करतो, हे शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर घडल्यावरच त्याची खात्री पटली.

कारखान्याच्या बाजूनेही शिकण्यासारखे पुष्कळ होते. नांगराचा फाळ अति कठीण झाला तर दगडावर आपटून मोडतो आणि मऊ राहिला तर लवकर झिजतो. योग्य मिश्रण कोणते, साच्यातील रस किती वेगाने थंड व्हावा, वाळू किती ओली असावी, या गोष्टी पुस्तकातून अर्ध्याच कळतात. उरलेल्या अर्ध्या बिघडलेल्या ओतकामातून आणि शेतकऱ्यांच्या तक्रारींतून कळतात. किर्लोस्करांच्या ओतशाळेने हे ज्ञान हळूहळू साठविले. पुढे या घराण्याने जे जे केले, त्याच्या मुळाशी ही ओतशाळा होती.

बेळगावात नगरपालिकेने वस्तीच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा मागितली आणि सर्व संसार उचलण्याची वेळ आली. त्या सुमारास लक्ष्मणराव औंध येथे देवीच्या मंडपाचे काम करीत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान आणि सापांचे माहेरघर होते. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बेळगावहून वाडीला हलविलेल्या मालमत्तेत यंत्रांची किंमत बेताचीच होती. खरी मालमत्ता माणसांची होती. शाळा अर्धवट सोडलेले शंभूराव जांभेकर यंत्रकामात निष्णात झाले. मंगेशराव रेगे यांनी हिशेब आणि कचेरी सांभाळली. के. के. कुलकर्णी यांनी गावोगाव हिंडून माल खपविला, रामुअण्णांनी वसाहतीचा कारभार पाहिला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही लक्ष्मणरावांनी राखणीचे काम विश्वासाने सोपविले आणि त्या माणसांनी तो विश्वास सार्थ केला. पदवीपेक्षा कसब पाहण्याची आणि माणूस टिकवून धरण्याची ही पद्धत केवळ उदारपणाची नव्हती. ओतशाळेतील ज्ञान हे कारागिराच्या हातात आणि नजरेत असते. कारागीर निघून गेला की ते त्याच्याबरोबर जाते. वसाहतीतील घरे आणि शेजार यांमुळे ते ज्ञान वाडीतच राहिले आणि एकाकडून दुसऱ्याकडे गेले.

या संचिताची कसोटी पहिल्या महायुद्धात लागली. १९१४ नंतर परदेशी माल येणे दुरापास्त झाले. स्पर्धा नाहीशी झाली खरी, पण ओतकामाचे लोखंड आणि कोळसाही मिळेना. ज्याला केवळ ठरावीक कच्चा माल ठरावीक रीतीने वापरता येतो, त्याचा कारखाना अशा वेळी बंद पडतो. किर्लोस्करांनी मिळेल ते जुने लोखंड वितळविले. कोल्हापूर दरबारकडून मिळालेल्या निकामी तोफांचेही नांगर झाले. तोफेचे लोखंड आणि नांगराचे लोखंड यांत कोणता फरक आहे आणि तो कसा भरून काढावयाचा, हे ज्यांना कळत होते त्यांनाच ही तडजोड साधली.

१९२० साली उद्योगाचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले आणि त्यातून पुढे मराठी वाचकांच्या परिचयाचे ‘किर्लोस्कर’ मासिक वाढले. कारखाना आणि त्याचा माल घेणारा समाज यांच्यामधला संवाद अशा तऱ्हेने लेखणीनेही चालू राहिला. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे यांसारखी अवजारे तयार होत गेली. प्रत्येक वेळी ओतकाम जुने, लेथ जुना, गिऱ्हाईक जुने आणि वस्तूचा एखादा भाग तेवढा नवा, असा हा क्रम होता.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून १९२६ साली यंत्रविद्येचे पदवीधर होऊन परतले. त्याच सुमारास वाडीला पाण्याचे पंप तयार होऊ लागले. पंपाचे कवच म्हणजे ओतकाम आणि त्याचा दांडा म्हणजे लेथचे काम. ही दोन्ही वाडीच्या हातवळणी पडलेली होती. पंख्याच्या पात्यांचा बाक, पाणी किती उंचीवर किती वेगाने चढेल याचे गणित आणि फिरणाऱ्या भागांचा तोल हा भाग नवा होता. अमेरिकेत मिळविलेल्या विद्येला येथे पकडण्यास हात सापडले आणि त्या हातांना पुढचे गणित सापडले. हाच तरुण ओतशाळा नसलेल्या गावी परतला असता, तर त्याची पदवी कदाचित एखाद्या सरकारी कचेरीत अडकून पडली असती. पंपानंतर इंजिन आले. त्यात नळकांडे आणि दट्ट्या यांची अचूकता पंपाहून पुष्कळ अधिक लागते. १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा यंत्रे घडविणाऱ्या यंत्रांचा कारखाना निघाला. १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांची आणि बंगलोरला विजेच्या मोटारींची कंपनी स्थापन झाली. पंपाला चालना देणारे इंजिन आणि मोटार ही त्याच शेतकऱ्याच्या विहिरीवर शेजारी शेजारी बसणारी यंत्रे होती.

या चित्राची दुसरी बाजूही पाहणे आवश्यक आहे. साठलेले ज्ञान वाट दाखविते, तसेच ते वाट बांधूनही टाकते. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्याच्या हाती पैसा राहिला नाही आणि नांगरांची मागणी आटली. शेतकऱ्याला उत्तम ओळखणाऱ्या कारखान्याला, शेतकरी बुडाला तेव्हा दुसरे गिऱ्हाईक पटकन आठवेना. अखेर लोखंडी खाटा, खुर्च्या, कपाटे असे सामान करून कामगारांना काम पुरवावे लागले. त्याचप्रमाणे विजेच्या मोटारींच्या धंद्यात केवळ ओतशाळेवर भागण्यासारखे नव्हते. तेथे तारेची वेटोळी आणि विद्युत्‌शास्त्र यांचे ज्ञान लागे. जुने ज्ञान पुरेसे असते असे नव्हे. नवे काय घ्यावे आणि त्यासाठी कोणाकडे जावे, हे त्याच्यामुळे कळते. आणि जे घेतले ते पचते.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळण्यात आला. चार दशकांच्या श्रमाची राख झालेली पाहण्याचा प्रसंग लक्ष्मणरावांवर वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आला. तरीही कारखाना पुन्हा उभा राहिला. इमारती, नमुने आणि यंत्रे जळाली होती, परंतु ती कशी केली जातात हे ज्यांना ठाऊक होते ती माणसे शिल्लक होती. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या मागे एक कारखाना नव्हे तर कारखान्यांचे कुटुंब होते. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

लक्ष्मणरावांनी आचरणाने जे दाखविले, त्याला अर्थशास्त्राने पुष्कळ उशिरा नाव दिले. १९९० साली वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिंथल या अमेरिकन अभ्यासकांनी असे प्रतिपादन केले की, बाहेरच्या नव्या ज्ञानाचे मोल ओळखणे, ते सामावून घेणे आणि धंद्यात त्याचा उपयोग करणे ही शक्ती त्या संस्थेच्या आधीच्या ज्ञानावर अवलंबून असते. मराठीत तिला ग्रहणक्षमता म्हणता येईल. ज्याने कारखान्यात काही शोधण्याची, मोडून जोडण्याची सवय लावून घेतली नाही, त्याला शेजाऱ्याने लावलेला शोध फुकट मिळाला तरी तो कळत नाही. म्हणूनच एकच यंत्र दोन कारखान्यांत दोन निरनिराळी फळे देते.

हा सिद्धांत पडताळून पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. जळगाव जिल्ह्यातील वाकोद येथे १९३७ साली जन्मलेल्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेल विकण्यापासून आरंभ केला आणि शेतकऱ्यांना लागणाऱ्या वस्तूंच्या एजन्सी घेतल्या. १९७८ साली त्यांनी केळीची भुकटी करण्याचा एक कारखाना विकत घेतला आणि तेथे पपईच्या चिकापासून पपेन तयार करण्यास प्रारंभ केला. १९८० मध्ये प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन आले. ठिबकाचे तंत्र इस्रायलमध्ये विकसित झालेले होते, ते हिंदुस्थानात कोणालाही आणता आले असते. परंतु ज्या कंपनीला नळी करता येत होती आणि केळीचा बागाईतदार विहिरीवर काय बोलतो हे विक्रीच्या दुकानातून कळलेले होते, तिच्या हाती ते तंत्र रुजले. सायकलच्या दुकानाने वाडीसाठी जे केले, तेच काम येथे एजन्सीच्या दुकानाने केले.

मग खानदेशने यातून काय घ्यावे? उद्योगांना मिळणाऱ्या सरकारी सवलतींचे माप आजही मुख्यतः जमीन, इमारत आणि यंत्रे यांतील गुंतवणुकीवरून ठरते. या मापाने कारखानदाराला अधिक महाग यंत्र घेण्याचे प्रोत्साहन मिळते. ते यंत्र समजून घेणारा माणूस घडविण्याचे मिळत नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील डाळ मिल आणि चटईचे कारखाने असोत किंवा धुळ्यातील यंत्रमाग असोत, नवे यंत्र आले की ते बसवून देणारा तंत्रज्ञ बाहेरून येतो, काम करून निघून जातो आणि बिघाड झाला की पुन्हा त्याचीच वाट पाहावी लागते, हा अनुभव लहान कारखानदाराच्या परिचयाचा आहे. त्या तंत्रज्ञाच्या शेजारी उभे राहून शिकण्यासाठी दोन माणसे मोकळी ठेवणे हा खर्च वाटतो. वास्तविक ती त्या यंत्रावरची सर्वांत किफायतशीर गुंतवणूक असते.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयेही निघाली आहेत. उणीव आहे ती या संस्था आणि कारखान्यांचे दुरुस्तीचे विभाग यांच्यातील नात्याची. शिकाऊ उमेदवार हा स्वस्त मजूर मानला गेला तर तो वर्षभर झाडलोट आणि ओझी वाहून परत जातो. त्याला जुने यंत्र उघडून पुन्हा जोडावयास दिले, तर कारखान्याच्या ज्ञानात भर पडते. कंत्राटी पद्धतीने दरवर्षी माणसे बदलणारा कारखानदार मजुरीत चार पैसे वाचवितो खरा, पण दरवर्षी आपले संचित दारातून बाहेर घालवितो. नवे तंत्र आले की तोच सर्वांत आधी गांगरतो.

आज यंत्रे स्वतः चालू लागली आहेत, संगणक त्यांना आज्ञा देत आहेत. यामुळे माणसाच्या हातातील ज्ञानाची गरज संपली, असा समज पसरत आहे. लक्ष्मणरावांचे चरित्र त्याच्या उलट साक्ष देते. यंत्र जितके गुंतागुंतीचे, तितके ते घेणाऱ्यापाशी आधीचे ज्ञान अधिक असावे लागते. ते ज्ञान कर्जाने मिळत नाही, अनुदानाने मिळत नाही आणि घाईने तर मुळीच मिळत नाही. रंग ओळखता न येणाऱ्या एका चित्रकाराला सायकलीपासून पंपापर्यंत पोहोचायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. खानदेशातील कारखान्यांनी आणि त्यांना माणसे पुरविणाऱ्या शाळा-महाविद्यालयांनी त्या कामाला आज हात घातला, तरच पुढच्या पिढीच्या दारात येणारे नवे यंत्र तिला परके वाटणार नाही.